मिलाग्रीच्या क्रुसाचे घर : गोव्याच्या ओरेटरीचा इतिहास

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थापनेचे साल आणि संस्थापकाचे नाव पहिल्याच ओळीत यावे, अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. जुन्या गोव्यातील ओरेटरीच्या बाबतीत नेमकी तीच ओळ लिहिताना लेखणी अडते. पास्कोआल दा कोस्ता जेरेमियास या गोमंतकीय पाद्रीच्या पुढाकाराने काही स्थानिक धर्मगुरू १६८२ साली एकत्र राहू लागले, ही गोष्ट कागदोपत्री आहे. जोसेफ वाझ, ज्यांना गोव्यात जुझे वाझ म्हणतात, ते या मंडळीत आले २५ सप्टेंबर १६८५ रोजी, म्हणजे तीन वर्षांनी. आले आणि लगेच वरिष्ठ म्हणून निवडले गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी लंकेसाठी गोवा सोडला तो कायमचा. ज्या घराचे ते संस्थापक म्हणवले जातात त्या घरात ते वर्षभरही राहिले नाहीत. तरीही २०१५ साली संतपदाला पोचलेल्या या माणसाचे नाव बाजूला ठेवून ओरेटरीचा इतिहास सांगता येत नाही, आणि ते केवळ भक्तांच्या आग्रहामुळे नव्हे. वाझ यांनी या संस्थेला छप्पर दिले नाही, काम दिले. ते काम असे होते की संस्थेच्या जन्माला कारण झालेले उणेपण तिथे तिचे सामर्थ्य ठरले. या अर्थाने त्यांना संस्थापक म्हणणे योग्य आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे देताना मत अडचणीत आणणाऱ्या गोष्टीही समोर ठेवणे भाग आहे, कारण त्या किरकोळ नाहीत.

ते उणेपण कोणते, हे कळण्यासाठी सतराव्या शतकातल्या गोव्यात पाद्री होणे म्हणजे काय होते ते पाहावे लागते. कॅथलिक धर्मगुरू दोन वाटांनी होता येते. एक वाट बिशपच्या हाताखालच्या धर्मप्रांतीय पाद्रीची, दुसरी एखाद्या संघात व्रते घेऊन राहणाऱ्या व्रतस्थाची. गोमंतकीयाला पहिली वाट मोकळी होती, दुसरी जवळपास बंद होती. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट या सगळ्या संघांची भव्य घरे जुन्या गोव्यात उभी होती, पण त्यांत राहणारे युरोपीय होते किंवा इथे जन्मलेले पोर्तुगीज वंशाचे. जेझुइटांनी १५७५ साली कोल्लमच्या पेद्रो लुईस या ब्राह्मण तरुणाला घेतले होते, पण ती वाट पुढे रुंद झाली नाही. आपल्या वसईचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पोर्तुगीज पित्याचा आणि स्थानिक मातेचा मुलगा असलेल्या गोन्सालो गार्सियाने जपानमध्ये जेझुइटांची वर्षानुवर्षे सेवा केली, पण त्यांनी त्याला आपल्यात घेतले नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. अखेर मनिलामध्ये तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला. आज वसईकर त्याचा सण मोठ्या अभिमानाने करतात, पण त्याच्या संतपदाची वाट मनिलाच्या दारातून गेली, वसईच्या किंवा गोव्याच्या नव्हे.

गोमंतकीय पाद्रींपुढे याहून रोजची अडचण होती. साष्टीतल्या इगर्जी, म्हणजे चर्च, जेझुइटांकडे, बारदेशातल्या फ्रान्सिस्कनांकडे. म्हणजे पाद्री झाल्यावरही स्वतःची पॅरिश मिळण्याची शक्यता कमीच. लॅटिन उत्तम, तत्त्वज्ञान शिकलेले, आवाज गोड, आणि हाताला काम नाही, अशा पाद्रींची संख्या वाढत होती. या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांनी दाखवला होता. ते थेट रोमला गेले, तिथे पाद्री झाले आणि १६३७ साली बिशपपदाची दीक्षा घेऊन परतले. पण पोर्तुगालच्या राजाला गोव्याच्या चर्चवर मिळालेला पाद्रोआदोचा हक्क आणि रोमने १६२२ साली मिशनकार्यासाठी स्थापलेली प्रोपागांदा ही संस्था यांच्या भांडणात कास्त्रो सापडले. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना जुमानले नाही आणि त्यांना आदिलशाही मुलखात डिचोलीला राहावे लागले. कास्त्रोंचा संघर्ष न्याय्य होता, असे म्हणायला हरकत नाही. पण तो सतत वरच्या दारावर धडका देणारा होता. ओरेटरीची मंडळी दुसऱ्या दाराने आत शिरली.

हे दुसरे दार नेमके कोणते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण संस्थेच्या रचनेतच तिच्या यशाचे अर्धे कारण आहे. संत फिलिप नेरी यांनी रोममध्ये सुरू केलेल्या ओरेटरीला १५७५ साली पोपची मान्यता मिळाली. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात व्रते नसत. धर्मप्रांतीय पाद्रीच एकत्र राहत, एकत्र प्रार्थना करत, एका पंगतीत जेवत, आणि प्रत्येक घर स्वतंत्र असे. वर कोणी प्रांतप्रमुख नाही, दूर युरोपात बसलेला जनरल नाही. ज्यांना व्रतस्थ होण्याची परवानगी नव्हती त्यांना व्रतांवाचून संघजीवन देणारी ही घडण म्हणजे कुलपाला बेतून केलेली किल्ली होती. गोमंतकीय पाद्रीने कोणाही युरोपीय संघाच्या दारात उभे राहायचे नव्हते. तो जो आधीच होता, म्हणजे बिशपच्या हाताखालचा पाद्री, तेच राहून त्याला घर मिळत होते. बार्तोलोमेउ दो केंताल यांनी १६६८ साली लिस्बनला अशी ओरेटरी सुरू केली होती. तिची नियमावली गोव्याने स्वीकारली. नियमावली लिस्बनची असल्याने राजसत्तेला संशय येण्याचे कारण उरले नाही, हा त्यातला शहाणपणाचा भाग. पोप अकरावे क्लेमेंट यांची मान्यता १७०६ साली मिळाली. आशिया खंडात स्थानिकांनी स्वतः चालवलेला पुरुषांचा पहिला कॅथलिक संघ म्हणून या घराची जी नोंद होते ती याच रचनेमुळे शक्य झाली. घर होते जुन्या गोव्यातल्या टेकडीवर, सांता क्रूझ दोस मिलाग्रेस म्हणजे चमत्कारांच्या क्रुसाच्या इगर्जीला लागून. १६१९ साली त्या क्रुसावर ख्रिस्ताचे दर्शन झाल्याची आख्यायिका होती. लोक या पाद्रींना त्या क्रुसावरूनच ओळखू लागले, आणि पुढे मिलाग्रिस्त हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा, बाणावलीचा, आजोळचा. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे धर्मांतरित सारस्वत ब्राह्मणांचे. शिक्षण गावात, मग जुन्या गोव्यात जेझुइट आणि डोमिनिकन या दोन्हींकडे. १६७६ साली आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव यांनी त्यांना पाद्री केले. त्याआधी उपयाजकाची दीक्षा दिली होती विजापूर व गोवळकोंड्याचे व्हिकर अपोस्तोलिक, म्हणजे रोमने थेट नेमलेले धर्माधिकारी, कुस्तोदियो द पिन्हो यांनी, जे स्वतः गोमंतकीयच होते. सांकवाळला त्यांनी लॅटिनची शाळा काढली. बेकार पाद्रींच्या त्या काळात दुसरे करण्यासारखे फारसे नव्हतेच. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या इगर्जीत त्यांनी आपण मरियेचे दास आहोत असे लेखी करार करून जाहीर केले. हा कागद भाविकांना फार प्रिय आहे. इतिहासाच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १६८१ ते १६८४ ही कानडा प्रांतातली वर्षे. त्यांनी लंकेला जायचे मागितले होते, पण धर्मप्रांताने त्यांना कानड्यात पाठवले. तिथे पाद्रोआदोचा प्रतिनिधी म्हणून त्यांची गाठ पडली प्रोपागांदाच्या व्हिकर अपोस्तोलिकशी. ते होते तोमास द कास्त्रो, मातेउस कास्त्रोंचे भाचे, म्हणजे पुन्हा गोमंतकीयच. परक्यांच्या दोन सत्तांच्या वतीने दोन गोमंतकीय एकमेकांसमोर उभे राहिले होते. वाझ यांनी हुद्द्याचा वाद सोडला नाही, पण वेळ घालवला तो मंगळूर, बारकूर, कल्याणपूर अशा गावांतून पायी हिंडून, विस्कटलेल्या पॅरिश सावरण्यात. लंकेची तालीम इथे झाली.

१६८४ साली ते परतले तो गोवा धास्तावलेला होता. आदल्या वर्षी नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने राजधानीच्या उशालाच असलेले जुवे बेट घेतले होते आणि मोगल कोकणात उतरले म्हणून शहर वाचले होते. त्या धास्तीतून सावरलेल्या व्हाइसरॉय काउंट आल्व्होरने जून १६८४ मध्ये फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. जे पाद्री कोंकणीत प्रवचन करत, ज्यांच्या आया कोंकणीतच प्रार्थना म्हणत, त्यांनी अशा वेळी स्वतःचे घर थाटणे याचा अर्थ काय होतो, ते उलगडून सांगायला नको. अशा वातावरणात २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ मिलाग्रीच्या घरात आले.

इथे पहिला आक्षेप येतो. घर आधीच होते, माणसे आधीच होती, पुढाकार जेरेमियास यांचा होता. वाझ आले, काही महिने वरिष्ठ राहिले, नियम लावून दिले आणि निघून गेले. मग संस्थापकत्वाचा मान त्यांना देणे हा जेरेमियास यांच्यावर अन्याय नाही का? संतचरित्रे लिहिणाऱ्यांची सवय अशी की एकदा एका नावाभोवती प्रभावळ आली की आजूबाजूची नावे अंधारात जातात. १७४५ साली लिस्बनला छापलेले सेबास्तियांव दो रेगो यांचे पोर्तुगीज चरित्र याला अपवाद नाही. रेगो स्वतः याच घरातले पाद्री होते, आणि आपल्या माणसाला संत करून घेण्याची घाई त्यांच्या पानापानांवर दिसते. जेरेमियास यांचे नाव इथे पहिल्या परिच्छेदात आले आहे ते त्याचसाठी. पण आक्षेपातला एक गृहीत मुद्दा मला मान्य नाही. १६८२ ते १६८५ या तीन वर्षांत ही मंडळी एकत्र राहत होती, प्रार्थना करत होती. पण कशासाठी राहत आहोत, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. फिलिप नेरींची ओरेटरी स्वभावाने बैठी आहे: शहरातल्या एका घरात राहायचे, तिथे प्रवचन, संगीत, पापनिवेदन. गोव्यात असली घरे कमी नव्हती, आणि त्यांत आणखी एक, तेही एतद्देशीयांचे, शहराला हवे होते अशी काही चिन्हे नव्हती. वाझ यांनी बैठ्या संस्थेला पाय दिले. ओरेटरीच्या इतिहासात घर सोडून जाण्यासाठी घर बांधणारी अशी शाखा विरळाच. तो बदल नियमावलीतून झाला नाही. १६८६ साली वरिष्ठाने स्वतः पद सोडून चालू लागण्यातून झाला. त्यांच्या पाठोपाठ पुढची दीडशे वर्षे जे गोमंतकीय पाद्री लंकेला जात राहिले, त्यांची पात्रता आणि परवाना दोन्ही त्या प्रस्थानातून आले.

लंका का, याचेही कारण भाबडे नाही. डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना घेतले. सोळाव्या शतकापासून कॅथलिक झालेली वस्ती तिथे होती, पण पोर्तुगीजांबरोबर पाद्रीही गेले, आणि डच कंपनीने हुकूम काढला की जो कोणी कॅथलिक पाद्रीला आसरा देईल त्याला देहदंड. जवळजवळ तीस वर्षे त्या किनाऱ्यावर एकही पाद्री नव्हता. युरोपीय पाद्री गेला तर बंदरातच ओळखला जाणार. मग जाणार कोण? ज्याला गोव्यात गोऱ्यांच्या संघाने घेतले नाही तो. १६८७ साली वाझ आणि त्यांचा सेवक जुआंव तुतिकोरीनहून जाफन्याला उतरले ते भिकाऱ्यांच्या वेषात, अनवाणी. आमांशाने खचलेला तो काळा माणूस पाद्री असेल अशी शंका डच पहारेकऱ्यांना आली नाही. युरोपीय संघांच्या दृष्टीने जे रंग-रूप अपात्रतेचे लक्षण होते, ते इथे प्रवेशपत्र ठरले. गळ्यातली जपमाळ पाहून हळूच जवळ येणारा माणूस कॅथलिक असतो, एवढ्या खुणेवर त्यांनी विखुरलेली वस्ती शोधून काढली. पुढे डचांचा ससेमिरा वाढल्यावर ते सिंहली राजाच्या मुलखात पुत्तलमकडे सरकले आणि १६९२ साली कँडीला पोचले. तिथे पोर्तुगीज हेर म्हणून कैदेत पडले. कैदेतच सिंहली शिकले. दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस आला आणि राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना मोकळीक दिली, असे परंपरा सांगते. त्यावर विश्वास ठेवणे न ठेवणे ज्याचे त्याच्याकडे. पण १६९७ च्या देवीच्या साथीत कँडीतले धडधाकट लोक गाव सोडून पळाले, तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा पाद्री जोसेफ कार्व्हाल्हो रोग्यांसाठी मागे राहिले. राजाचा विश्वास पावसाने बसला असेल वा नसेल. साथीने तो टिकला, असे मानायला आधार आहे.

मिशनचा कारभार कसा चालला, हे पाहिल्यावर संस्थेची बुद्धी कळते. वाझ एकटे गेले होते. सोबतीला माणसे मिळायला १६९६ उजाडावे लागले, आणि त्यानंतरही संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. मूठभर पाद्री, बेट मोठे, वाटा जंगलाच्या, किनारपट्टीवर डचांचे पहारे. अशा स्थितीत गावोगाव पाद्री बसवणे अशक्य होते. म्हणून गावातल्याच जाणत्या माणसावर भार टाकला गेला. तमिळ मुलखात अण्णावी प्रार्थना चालवी, मुलांना धर्मशिक्षण देई, मरणाऱ्याच्या उशाशी बसे, आणि मूप्पू म्हणजे गावचा वडीलधारा झोपडीवजा चॅपेलची व्यवस्था पाही. पाद्री वर्षातून एखाद-दोन वेळा येई, रात्रीतून मिस्सा, बाप्तिस्मे, लग्ने उरकून पहाटेच्या आत पुढच्या गावी जाई. वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले तेव्हा बेटावर ७०,००० च्या आसपास कॅथलिक आणि ४०० चॅपेल होती, असा आकडा परंपरेने दिला जातो. आकड्याबद्दल हुज्जत घालता येईल. पण चॅपेल शेकड्यांनी आणि पाद्री मूठभर, हे प्रमाण नाकारता येत नाही. ज्या गोमंतकीयांना स्वतःच्या गावात पॅरिशही मिळत नव्हती, त्यांनी पाद्रीवाचून चालणारी पॅरिश उभी केली, हा विनोद नियतीचा. बिशपपदाची बोलणी झाली तेव्हा वाझ यांनी ते पद घेतले नाही. चोवीस वर्षांत ते गोव्याला एकदाही परतले नाहीत.

त्यांच्यामागून १७०५ साली आलेल्या जाकोमे गोन्साल्व्हिस यांच्याकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण मराठी वाचकाला ओरेटरीची जी बाजू जवळची वाटेल ती त्यांच्या ग्रंथांत आहे. दिवाडीचे हे पाद्री सिंहलीतील कॅथलिक साहित्याचे जनक मानले जातात. तमिळमध्येही त्यांनी विपुल लिहिले. छापखाना डचांच्या हाती, तेव्हा ग्रंथ ताडपत्रांवर उतरवून गावोगाव जात. त्यांच्या प्रमुख सिंहली ग्रंथाचे नाव ‘देव वेद पुराणय’. आता, साष्टीत राचोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले गेले होते, आणि बायबलची कथा पुराण म्हणून सांगण्याची, ऐकण्याची रीत गोव्यातल्या इगर्जींत मुरली होती. तिथे वाढलेल्या माणसाने परक्या भाषेत धर्मकथा लिहिताना तोच शब्द उचलावा, यात मला निव्वळ योगायोग दिसत नाही. कोणी म्हणेल, सिंहलीतही पुराण हा शब्द होताच, गोव्याची साक्ष काढायची गरज काय? हे खरे आहे, आणि माझ्याकडे असलेला पुरावा नावाच्या साम्यापलीकडे फारसा जात नाही. पण एवढे निश्चित की देशी भाषेत धर्म सांगण्याची जी परंपरा गोव्यात १६८४ च्या फर्मानाने दाबली गेली, तिचे हाडाचे वारसदार लंकेत मोकळेपणाने लिहीत होते. घरी स्वतःच्या भाषेबद्दल गुन्हेगार ठरू शकणारे ओरेटरीचे पाद्री परदेशात दोन भाषांत ग्रंथकार झाले.

एवढ्यावर थांबले तर ही स्मरणिका गौरवग्रंथ होईल. ओरेटरीवरचा सर्वांत जड आक्षेप जातीचा आहे. या घरात ब्राह्मण कुळातल्या पाद्रींनाच घेतले जाई. ज्या भेदाविरुद्ध हे घर उभे राहिले तोच भेद त्याने आपल्या उंबऱ्यावर मांडला. चारड्यांना, म्हणजे क्षत्रिय म्हणवणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती कुळांतल्या पाद्रींना, या घरात जागा नव्हती, म्हणून त्यांनी अठराव्या शतकात चिंबलला कार्मेलाइट परंपरेचे वेगळे घर काढले. चारड्यांच्याही खालच्या लोकांचा तर प्रश्नच कोणी काढला नाही. याला काळाचा नाईलाज म्हणून झाकता येणार नाही. युरोपीय संघांनी गोऱ्या रक्ताची सबब सांगितली तेव्हा ती आपल्याला अन्याय वाटते. मग ब्राह्मण रक्ताची सबब वेगळी कशी? वाझ यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की लंकेत त्यांनी स्वतः रोग्याची जात पाहिली नाही, साथीत टाकून दिलेली माणसे खांद्यावर उचलली. पण संस्थापकाचे वैयक्तिक वर्तन ही संस्थेच्या नियमाची सफाई होत नाही. त्यांनी ज्या घराला नियम लावून दिले त्या घराचे दार त्यांच्या डोळ्यांसमोर अरुंद राहिले. त्यातला त्यांचा वाटा त्यांना सोडता येणार नाही. माझ्या प्रतिपादनाला यामुळे बाध येतो का? एका बाजूने येतो. उणेपणाचे सामर्थ्य झाले असे मी म्हटले, ते लंकेपुरते खरे आहे. गोव्यात त्या सामर्थ्याने दुसऱ्यांचे उणेपण तयार केले. दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी घडल्या, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

दुसरा आक्षेप असा की ओरेटरी म्हणजे पाद्रोआदोचा लांब हात, पोर्तुगीज साम्राज्याची धार्मिक शाखा. लंकेतल्या बौद्ध लेखकांनी तो घेतला आहे आणि त्यात तथ्याचा अंश आहे. वाझ यांची नेमणूक कोचीनच्या बिशपकडून, म्हणजे पाद्रोआदोच्या साखळीतूनच येत होती. गोन्साल्व्हिस यांच्या लेखनात बौद्ध धर्मावर कडक टीका आहे, आणि ओरेटोरियन पाद्रींना कँडीतून हाकलले गेले ते १७४० च्या दशकात. त्या वातावरणाला ही टीका कारण झाली नसेल असे म्हणवत नाही. पण साम्राज्याचा हात म्हणायला साम्राज्य तिथे हवे. १६५८ नंतर लंकेत पोर्तुगीजांचा एक किल्ला उरला नव्हता. त्यांच्यासाठी हेरगिरी करून वाझ यांना काय मिळणार होते? कँडीच्या राजाने त्यांना हेर म्हणून पकडले आणि पुढे स्वतःच सोडले, यावरून त्याचा निष्कर्ष दिसतो. त्यांनी राजकीय आश्रय घेतला तो पोर्तुगीजांचा नव्हे, एका बौद्ध राजाचा, आणि डच प्रोटेस्टंटांच्या छळापासून वाचण्यासाठी. एका ख्रिस्ती सत्तेपासून दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या पाद्रींना बौद्ध राजाने वाचवले, ही गोष्ट साम्राज्याच्या साच्यात बसत नाही.

संस्थेचा शेवट लवकर सांगून होतो. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने १८३४ साली सगळे पुरुष संघ बरखास्त केले आणि १८३५ साली तो कायदा गोव्यात लागू झाला. मिलाग्रीचे घरही त्यात गेले. व्रते नसलेले, युरोपीय संघांनी कधी बरोबरीचे न मानलेले हे घर शेवटी त्याच संघांच्या यादीत बसले, ते बरखास्तीच्या वेळी. लंकेत इंग्रजांनी १८०६ साली कॅथलिकांवरची बंधने उठवली होती. पुढे रोमने बेटाचे स्वतंत्र व्हिकारिएट केले तेव्हा पहिले व्हिकर अपोस्तोलिक झाले व्हिसेंत दो रोझारियो, मिलाग्रीच्या घरातलेच. मात्र नवा रंगरूट पाठवायला मायघर उरले नव्हते. मग इटालियन आणि फ्रेंच मिशनरी आले, पाद्रोआदो आणि प्रोपागांदा यांच्या जुन्या भांडणाने नवे रूप घेतले, आणि गोमंतकीय पाद्री हळूहळू बाजूला पडले. ज्या वस्तीला त्यांनी जिवंत ठेवले तिच्या किल्ल्या आता युरोपीयांच्या हाती गेल्या. याला कृतघ्नता म्हणावे की प्रशासनाची रीत, यावर लंकेतल्या कॅथलिकांतही एकमत नाही.

वाझ यांच्या संतपदाचा खटला त्यांच्या मृत्यूनंतर लगेच सुरू झाला होता, आणि जवळजवळ तीन शतके रेंगाळला. मागे लागायला घर नसले की फायली धूळ खातात, संतांच्याही. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना धन्य घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी, दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून, त्यांना संत घोषित केले. लंकेचे ते पहिले संत. कँडीतली त्यांची कबर कुठे आहे हे आज कोणाला ठाऊक नाही. सांकवाळची इगर्ज १८३४ साली जळाली, तिची फक्त दर्शनी भिंत उभी आहे. मिलाग्रीचा क्रूस आता से कॅथेड्रलच्या एका कपेलात आहे, आणि टेकडीवर जिथे तो होता तिथे भिंतींचे अवशेष आहेत, त्यांना लागून ओरेटरीच्या घराच्या जोत्याचे दगड.